हँडलच्या पोटातली पाचर

तासभर सायकल चालवून उतरलं की माझी करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर व्हायची. बाकीची बोटं ठणठणीत. कोपर दाराला आपटल्यावर झिणझिण्या आणणारी अल्नर चेता तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून जाते. हँडल सीटपेक्षा फार खाली असलं की धड पुढे झुकतं, शरीराचा भार हातांवर येतो आणि ही चेता दाबली जाते.

मग शर्यतवाले हँडल मुद्दाम खाली का ठेवतात? वाऱ्यासाठी: खाली वाकलं की अंगावर वारा कमी अडतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला दर सेकंदाला ऊर्जा आठपट लागते. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने हात छातीखाली दुमडून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापले. पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदी आली! भाजी आणायला जाणाऱ्याला असली कसरत कशाला हवी?

जुन्या सायकलीत हँडलचा दांडा फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, नळीत उतरलेला असतो. दांड्याचं खालचं टोक तिरकं कापलेलं, त्याला तशीच तिरकी पाचर. वरचा लांब बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते, तिरक्या कडेवरून बाजूला सरकते आणि नळीत घट्ट रुतते. म्हणून बोल्ट दोन-तीन फेरे ढिला केला तरी हँडल हलत नाही. इथे मी पहिल्यांदा फसलो: बोल्ट पूर्णच काढला आणि पाचर आत राहिली. खरं तर ढिल्या बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारायची. पाचर खाली सुटते. मग हँडल वर ओढा, पण दांड्यावरची मर्यादेची रेघ नळीबाहेर दिसता कामा नये. दांडा आत कमी राहिला तर हँडलवरचा सगळा जोर तेवढ्याशाच भागावर येतो आणि दांडा किंवा नळी तडकू शकते. सळीचे ब्रेक असतील तर हँडलबरोबर सळीही वर जाते आणि ब्रेक रिमला घासतात. तेही जुळवून घ्यावे लागतात.

नव्या सायकलींत पाचर नसते, फोर्कच्या नळीवर चकत्या असतात. हँडल धरतात ते बाजूचे बोल्ट; माथ्यावरचा बोल्ट फक्त बेअरिंगमधला खुळखुळा काढतो. म्हणून आवळताना आधी माथ्याचा, मग बाजूचे. चकत्या हँडलखाली घातल्या की ते वर येतं. नळी साधारण ७३ अंशांत मागे कललेली असल्याने १ सेंटिमीटर उंचीमागे हँडल सुमारे ३ मिलिमीटर तुमच्याकडेही सरकतं. नव्या सायकलीवर माझ्या करंगळीला अशा दोनच चकत्या पुरल्या.