गुहेत वाटेवर वाट असते, मग नकाशात ती कशी दाखवायची?

जमिनीवरच्या नकाशात दोन रस्ते एकमेकांवरून गेले की तिथे चौक असतो नाहीतर पूल, आणि पूल असला तरी तो उघड्यावर असतो, बघून कळतं वर कोण आणि खाली कोण. गुहेत तसं काही नसतं. आपण एका बोळातून चाललेलो असतो आणि पायाखाली दहा मीटरवर दुसरा बोळ आडवा गेलेला असतो, ज्याचा आपल्याला पत्ताच नसतो. दोन्हीचा सर्व्हे होऊन ते कॉम्प्युटरवर एकत्र आले की मगच कळतं, अरे, हे तर एकावर एक आहेत! आणि कागद तर सपाट, त्यामुळे आता काय काढायचं आणि काय झाकायचं हे ठरवावं लागतं. मला गुहेच्या नकाशातलं हे सगळ्यात सुंदर काम वाटतं.

आधी असे मजले होतात कसे ते बघू. अमेरिकेत केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही जगातली सगळ्यात लांब माहीत असलेली गुहा, आतापर्यंत ६७५ किलोमीटरपेक्षा जास्त मोजून झालीय. तिथे शेजारून ग्रीन रिव्हर वाहते. नदीचं पात्र खोल होत गेलं तशी भूजलाची पातळी खाली गेली, पाणी चुनखडीत खालच्या बाजूला नवीन वाटा कोरायला लागलं आणि वरच्या वाटा कोरड्या पडल्या. म्हणजे प्रत्येक मजला ही नदीची एक जुनी पातळी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर या मजल्यांचं वय काढलं, आणि ते कसं काढलं हे ऐकण्यासारखं आहे: क्वार्ट्झची वाळू जमिनीवर उघडी असते तेव्हा अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे तिच्यात अॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० हे आपोआप कमी होत जाणारे किरणोत्सारी अणू तयार होतात, वाळू गुहेत वाहून आली की ते बनणं जवळजवळ थांबतं आणि अॅल्युमिनियम जास्त वेगाने कमी होतं, त्यामुळे दोघांचं प्रमाण मोजलं की वाळू किती काळ आत पडलीय ते कळतं. वरच्या मजल्यांवरचा गाळ ३० लाख वर्षांपेक्षाही जुना निघाला.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायची, नदीने बनवलेले मजले आणि नकाशात काय वर काढायचं, काय खाली यासाठी आपण करतो त्या लेव्हल, म्हणजे चित्राचे थर, एकच नसतात.

सर्व्हे करताना गुहेत एकेक स्टेशन, म्हणजे मापासाठी ठरवलेली जागा, धरून पुढच्या स्टेशनपर्यंत तीन गोष्टी मोजतात: अंतर, दिशा आणि चढ-उताराचा कोन. पूर्वी टेप, कंपास आणि क्लिनोमीटर वेगवेगळे वापरायचे, आता डिस्टोएक्ससारखं लेझरचं छोटं यंत्र तिन्ही एकदम घेतं. यातून गुहेचा सांगाडा मिळतो, त्याला सेंटरलाइन म्हणतात, आणि तो खराखुरा थ्रीडी असतो. भिंती, दगड, पाणी, खड्डे हे मात्र माणूस तिथे बसून स्केच करतो, आणि स्केच असतं टूडी. सगळी गंमत इथेच आहे, की सॉफ्टवेअरला सांगाड्याची उंची माहीत असते पण तुम्ही काढलेली भिंतीची रेघ कोणत्या मजल्याची हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

आणि सांगाड्याच्या उंचीवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. समजा १० मीटरच्या एका मापात कोन १० अंश वर होता आणि लिहिताना चुकून १० अंश खाली लिहिला गेला, तर तिथून पुढचं सगळं जवळजवळ साडेतीन मीटर खाली जातं. दोन बोळांमध्ये मुळात दोनच मीटरचं अंतर असेल तर वरचा बोळ कॉम्प्युटरवर खालचा होतो! म्हणून वाट फिरून पुन्हा पहिल्या स्टेशनला आली, म्हणजे लूप बंद झाला, की किती फरक पडतोय ते आधी बघायचं. छोटा फरक सॉफ्टवेअर सगळ्या मापांवर वाटून टाकतं, मोठा फरक दिसला तर वाटायचा नाही, चूक शोधायची. लेव्हल ठरवण्याआधी हे झालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, नाहीतर चुकीच्या आकड्यावर सुंदर नकाशा उभा राहतो.

आता चित्र काढण्याकडे येऊ. थेरियन नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, स्टाखो मुद्राक आणि मार्टिन बुदाय या दोघा स्लोव्हाक गुहा-अभ्यासकांनी १९९९ च्या सुमारास ते बनवायला घेतलं. त्याची मूळ कल्पना फार साधी आहे: गुहेचं चित्र तुकड्यातुकड्याने काढायचं, एका तुकड्याला स्क्रॅप म्हणायचं, आणि स्क्रॅप स्वतःवरच आडवा जाता कामा नये. बस्स. जिथे बोळ दुसऱ्या बोळावरून जातो तिथे दोन वेगळे स्क्रॅप. प्रत्येक स्क्रॅपमध्ये सर्व्हेची स्टेशनं टाकलेली असतात, त्यामुळे नंतर एखादं माप सुधारलं किंवा नवा लूप बंद झाला तर सॉफ्टवेअर स्क्रॅप ताणून-वाकवून नव्या जागी बसवतं, हाताने काढलेला नकाशा असता तर सगळा पुन्हा काढावा लागला असता.

भिंतीच्या रेघेला दिशा असते, रेघ ज्या दिशेने काढली तिच्या डाव्या हाताला बोळाची आतली बाजू. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, कारण रेघ उलटी असली तरी स्क्रीनवर ती भिंतच दिसते. पण सॉफ्टवेअर या भिंतींवरून स्क्रॅपची बाहेरची कड ठरवतं, आतला भाग रंगाने भरतं आणि वरच्या स्क्रॅपखाली खालच्याचा तेवढा भाग झाकतं. बोळाच्या मधोमध दगडी खांब असेल तर त्याची कड ही आतली कड आहे हेही सांगावं लागतं. कड चुकली की रंग भलतीकडे सांडतो आणि झाकायचं ते उघडं पडतं.

मग हे स्क्रॅप एकत्र करून मॅप बनतो, आणि त्यात कोणते स्क्रॅप एका लेव्हलला आणि कुठून दुसरी लेव्हल सुरू हे आपण लिहून द्यायचं. झाकला गेलेला बोळ अगदीच गायब करायचा नसेल तर त्याची नुसती बाह्यरेषा दाखवता येते, नाहीतर वरचा मजला थोडा पारदर्शक करता येतो. मला बाह्यरेषा जास्त आवडते, पारदर्शक रंग दोन मजल्यांपर्यंत ठीक, तिसरा आला की दगड कुठल्या मजल्यावरचा तेच कळत नाही.

दोन मजल्यांना जोडणारा उभा खड्डा असेल तर वरच्या स्क्रॅपमध्ये खड्ड्याची कड काढायची, तिच्या बारीक आडव्या रेघा उताराकडे, आणि खालच्या स्क्रॅपमध्ये तोच खड्डा छतातलं भोक म्हणून तुटक रेषेने. दोन्ही स्क्रॅपच्या भिंती एकमेकांना जोडायच्या नाहीत, कारण त्या खरंच जोडलेल्या नसतात, दोघांना बांधून ठेवतात ती सर्व्हेची स्टेशनं.

सगळ्यात अवघड म्हणजे उतरत गोल फिरणारी वाट. ती स्वतःच्याच खालून जाते, म्हणजे एकच वाट वरही आणि खालीही, मग लेव्हल कुठे बदलते? खऱ्या गुहेत कुठेच बदलत नाही. तिथे माणसाने ठरवायचं, आणि माझ्या मते एक स्क्रॅप संपवून दुसरा सुरू करायची, म्हणजे कापायची जागा वाट स्वतःला ओलांडते त्याच्या जवळ कधीच नसावी, जिथे बोळ अरुंद आहे आणि दोन्ही भिंती स्वच्छ दिसतात अशा ठिकाणी कापावं, म्हणजे जोड नीट बसतो आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

चार-पाच मजले एकाच जागी साचले तर मात्र झाकाझाकी करून उपयोग नाही. तेव्हा खालचा मजला सरळ उचलून कागदावर बाजूला काढायचा, आणि मूळ जागी त्याची फिकट बाह्यरेषा ठेवायची. थेरियनमध्ये किती मीटर सरकवायचं ते एका ओळीत लिहिता येतं. आणि जॉर्जिया देशातल्या वेर्योवकिनासारखी २,२०० मीटरपेक्षा खोल गुहा असेल तर वरून बघून फारसं काही कळतच नाही, उभे शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखे खड्डे, एकाखाली एक येतात, म्हणून तिथे बाजूने बघितलेला आणि घडी उलगडल्यासारखा पसरलेला उभा नकाशा काढतात, ज्यात वळणं सरळ केलेली असतात पण खोली खरी असते.