धडधाकट माणसांचे आरोग्य केंद्र

१९३५ साली लंडनच्या पेकहॅम भागात एक आरोग्य केंद्र उभे राहिले. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती काचेच्या भिंती, शिवाय व्यायामशाळा आणि उपाहारगृह. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या डॉक्टरांची कल्पना अशी, की आसपासच्या कुटुंबांनी आठवड्याला एक शिलिंग वर्गणी भरावी, खेळावे, पोहावे, गप्पा माराव्यात. आणि ठरावीक काळाने घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे. आजारावर इथे उपचार होत नसत, त्यासाठी बाहेर पाठवत. तपासणीत मात्र स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या बहुतेकांत काही ना काही निघत होते. रक्तक्षय तर सर्रास. दुखत नाही म्हणजे बरे आहे, ही आपली समजूत तिथे उघडी पडली.

युद्धात बंद पडलेले हे केंद्र १९४६ मध्ये पुन्हा उघडले आणि १९५० मध्ये कायमचे बंद झाले. ब्रिटनची नवी राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्वांना खुली आणि मोफत होती. वर्गणीवर चालणारे, एका वस्तीपुरते आणि निरोग्यांसाठीचे केंद्र तिच्यात बसेना.

निरोगी राखण्याच्या या कल्पनेचा दुसरा धागा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो गरिबीला थेट भिडतो. १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क हे डॉक्टर दांपत्य दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला या ग्रामीण भागात गेले. रुग्ण येण्याची वाट न पाहता त्यांचे आरोग्य सहायक घरोघर फिरले: घरात काय शिजते, पाणी कुठून येते, शौचाला कुठे जातात. दुखण्यांच्या मुळाशी कुपोषण दिसले, म्हणून भाजीचे वाफे लावायला शिकवले. पुढे वर्णभेदी राजवटीत हे काम आक्रसले आणि कार्क यांनी देश सोडला.

पण १९५७ मध्ये जॅक गायगर हा अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थी फोलेलात राहून गेला होता. साठच्या दशकात त्याने सहकाऱ्यांसह बोस्टनमध्ये आणि मग मिसिसिपीतल्या माउंड बायूमध्ये केंद्रे सुरू केली. माउंड बायूचे डॉक्टर उपाशी मुलांसाठी चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून देत. दुकानदार बिल केंद्राच्या औषध विभागाला पाठवी. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा गायगर यांचे उत्तर होते, कुपोषणावरचे औषध अन्नच आहे. केंद्राने विहिरी खोदल्या, शेती सहकारी संस्थाही उभी राहिली.

१९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्माअटा शहरी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १३४ देशांनी पाणी, स्वच्छता, पोषण आणि रोगप्रतिबंध यांना प्राथमिक आरोग्य सेवेचा भाग मानले. वर्षभरातच सूर बदलला: एवढा पसारा परवडणार नाही, मोजके स्वस्त उपाय निवडा. लस, जलसंजीवनी आणि स्तनपान या उपायांनी असंख्य मुले वाचली, हे खरेच. पण खर्चिक म्हणून पाणी आणि स्वच्छता मागे पडली. त्यामुळे आज कुठलेही वेलनेस केंद्र पाहताना, रक्तदाब आणि साखर मोजून झाल्यावर ‘घरी पाणी कुठून येते?’ असे विचारणारे तिथे कुणी आहे का, हे मी आधी पाहतो.