आधार आणि राष्ट्रीय ओळखपत्र यांची गल्लत थांबवा

"आधार आहे ना, मग आणखी राष्ट्रीय ओळखपत्र कशाला?" देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तरी खान्देशात अजून हाच प्रश्न ऐकू येतो, हे खटकतं. राष्ट्रीय ओळखपत्र म्हणजे फक्त नागरिकांसाठीचं, आधारपेक्षा वेगळं कार्ड.

आधारबद्दल नव्याने सांगण्यासारखं फारसं नाही: बारा अंक, बोटांचे ठसे, बुबुळं. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, हा त्याचा रोजचा जाच. घासलेल्या बोटांचे ठसे मशीन ओळखत नाही. तेव्हा बुबुळ किंवा ओटीपी वापरायचा आणि केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करायचं.

खरी गल्लत पुढे आहे. आधार फक्त 'हा माणूस तोच का?' एवढंच पाहतं. अर्जाआधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. 2016 च्या आधार कायद्याचं कलम 9 साफ सांगतं की आधार नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. म्हणूनच वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाच्या दाखल्याला नुसतं आधार चालत नाही; जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागतात.

राष्ट्रीय ओळखपत्र मात्र नागरिकालाच. नागरिकत्व कायद्यात 2003 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 14अ मध्ये त्याची तरतूद आहे, पण देशभर ते अजून दिलेलं नाही. मिळालं तर कागदांची चळत कमी होईल, हा फायदा खरा. पण ते मिळवायला आधी नागरिकत्व सिद्ध करावं लागेल. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्म झाला असेल तर सहसा तेवढंच पुरे. 1 जुलै 1987 पासून आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004 पासून दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे विशीतल्या पोराचं कार्ड आई-बापाच्या कागदांवर अडणार.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्याच धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे डोळ्यांपुढे आणा. बाळंतपण घरी, नोंद नाही, शाळेत मास्तरांनी लिहिलेली 1 जून ही जन्मतारीख, आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत. आधारला अंगठा लागला नाही तर त्या महिन्याचं धान्य अडतं. राष्ट्रीय ओळखपत्रासाठी कागद नसले तर नागरिकत्वावरच शंका येईल. म्हणून जन्मनोंदी नीट होईपर्यंत असं कार्ड सक्तीचं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तोवर घरातल्यांच्या जन्मनोंदी तपासा. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आई-वडिलांपासून सुरुवात करा.