अटॅचमेंटवर आधारित थेरपी

लहानपणी आपल्याला कुणाचा लळा लागला, त्या माणसाने तो कसा सांभाळला, आणि त्याचे पडसाद आज नवरा-बायको, मुलं, मित्र यांच्याशी वागताना कसे उमटतात, हे धरून केलेला मानसोपचार म्हणजे अटॅचमेंटवर आधारित थेरपी. ही एकच ठरलेली पद्धत नाहीये, एकाच विचारातून निघालेल्या बऱ्याच पद्धती आहेत. मराठीत कुणी कुणी याला 'आसक्ती' म्हणतात पण आसक्ती म्हणजे संतांनी सोडायला सांगितलेली गोष्ट, त्यामुळे तो शब्द इथे बसत नाही. लळा जास्त जवळचा आहे, आणि मुंबईत थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे येणारे दोघंही सरळ अटॅचमेंटच म्हणतात.

मूळ विचार ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांचा. त्यांना स्वतःला लहानपणी सांभाळणारी दाई ते चार वर्षांचे होत असताना घर सोडून गेली आणि ते दुःख आई गमावल्यासारखं होतं असं ते पुढे सांगायचे. त्या काळी समज असा की बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी. १९५८ मधे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची जिच्याकडे दूध होतं आणि एक मऊ कापडाची, तर पिल्लं दूध पिऊन परत कापडाच्या आईला जाऊन बिलगायची. बोल्बींचं म्हणणं हेच, की जवळ कुणीतरी असणं ही भुकेसारखीच वेगळी गरज आहे आणि भीती वाटली की ती जास्त जागी होते.

मुंबईकरांना हे २६ जुलै २००५ आठवलं तरी कळेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, फोन लागेनात, आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या मोठमोठ्या माणसांच्या डोक्यात एकच विचार, घरचे कुठे असतील. 'पोचलास की फोन कर' हे आपण रोज म्हणतो ना, तीच अटॅचमेंट.

बोल्बींबरोबर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमधे आई-बाळांना घरी जाऊन पाहिलं, आणि मग साधारण २० मिनिटांचा एक प्रयोग बसवला, ज्यात आई वर्षभराच्या बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. खरी गोष्ट कळते ती आई परतल्यावर. काही बाळं रडतात पण कुशीत शिरून शांत होतात, काही आईकडे बघतही नाहीत, काही चिकटतात आणि रागावतातही. चौथा, गोंधळलेला प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८६ मधे मांडला. हे आजार नाहीत. हल्ली रील बघून 'मी अव्हॉइडंट आहे', म्हणजे जवळीक टाळणारा, असं म्हणायची पद्धत पडलीये, पण तो त्या त्या नात्यात शिकलेला बचाव असतो आणि तो बदलतो, म्हणून तर थेरपीला अर्थ आहे.

थेरपीत नेमकं काय होतं? जोडप्यांसाठी सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत भांडणाचा विषय बाजूला ठेवून भांडणाचं चक्र बघतात. ती बोलत राहते, तो गप्प होतो, तो गप्प झाला म्हणून ती अजून चिडते, ती चिडली म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. वरून दिसतो राग, आत असते 'मी तुझ्यासाठी आहे की नाही' ही भीती. थेरपिस्ट ती भीती हळूहळू त्याच खोलीत, समोरच्याकडे बघून बोलायला लावतो, आणि समोरच्याने ती ऐकून घेतली की तो अनुभव नवा असतो. नुसता समजुतीचा सल्ला देऊन हे होत नाही, माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातल्या, जीव द्यायचे विचार येणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी जी पद्धत केली तिची सुरुवात एका प्रश्नापासून होते, एवढं वाईट वाटतं तेव्हा तू आईबाबांकडे का जात नाहीस? मग मुलाशी वेगळं बोलणं, पालकांशी वेगळं बोलणं, आणि दोन्ही बाजू तयार झाल्या की एकत्र बसवून ती राहून गेलेली गोष्ट बोलायची. पालकांनी तिथे सफाई द्यायची नसते, ऐकायचं असतं, आणि हे आपल्या घरांत फार अवघड जातं कारण 'तुझ्यासाठी काय नाही केलं आम्ही' हे वाक्य ओठावर तयारच असतं.

मुंबईत अडचण जागेचीपण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की ऑनलाइन सेशन गच्चीवर नाहीतर पार्क केलेल्या गाडीत बसून घ्यावं लागतं. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं पण तिथल्या गर्दीत दर आठवड्याला तासभर मिळणं कठीण. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ नंबरला मराठीत बोलता येतं. आणि आईलाच दोष द्यायचा असं यात मुळीच नाही, इथे मुलं आजीच्या, गावच्या काकूच्या, पाळणाघरातल्या मावशींच्या हातात वाढतात आणि बाळाला एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागतो, सुरक्षित वाटायला एक भरवशाचं माणूस असलं तरी मोठा आधार होतो. 'उचलू नका, हाताची सवय लागेल' हा सल्ला मात्र मनापासून चुकीचा वाटतो, रडणारं तान्हं बाळ उचलल्याने लाडावत नाही.

नावावरून एक घोटाळा होतो तोही सांगायला हवा. 'अटॅचमेंट थेरपी' याच नावाखाली अमेरिकेत काहीजण मुलांना जबरदस्तीने दाबून धरायचे, आणि २००० मधे कोलोरॅडोत अशाच एका सेशनमधे चादरीत गुंडाळलेल्या १० वर्षांच्या मुलीचा गुदमरून जीव गेला. बोल्बींच्या विचाराशी त्याचा काहीही संबंध नाही. मुलाला धरून ठेवू, त्याचा राग बाहेर काढू असं कुणी म्हणालं तर तिथून मुलाला घेऊन सरळ निघायचं.