जिगिंग : बर्फाखालची मासेमारी

जिगिंग : पाण्यात गळ सोडून तो हाताने वरखाली हलवत मासा भुलवण्याची पद्धत; इथे ती गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून. दोरीच्या टोकाला जे जड डोक्याचे, आकडा लावलेले आमिष असते त्याला जिग म्हणतात. फिनलंड, रशिया, कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि जपानमधील होक्काइदो येथे हिवाळ्यात हा उद्योग घरोघरी चालतो. फिनिश भाषेत याला ‘पिल्क्की’ म्हणतात. तिथे साधी काठी आणि दोरी घेऊन बहुतेक तळ्यांवर असे बसायला ना परवाना लागतो ना शुल्क. दक्षिण कोरियात ह्वाचोन येथे २००३ पासून जानेवारीत बर्फावरच्या ट्राउट मासेमारीची जत्रा भरते.

त्याच जानेवारीत बडोदेकर गच्चीवर असतात. उत्तरायणाला पतंग उडवलेल्या माणसाला जिगिंगचे निम्मे व्याकरण आधीच येते. ढील, खेच, ठुमका हे सगळे इथेही आहे, फक्त दोरी वर न जाता खाली जाते आणि वाऱ्याच्या जागी जिगचे वजन असते. उरलेले निम्मे मात्र नेमके उलटे आहे, आणि खरी कला त्यातच आहे.

आधी पाण्याविषयी. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते. म्हणून तळे वरून गोठते. बर्फाला लागून असलेले पाणी ० अंशाजवळ असते, तर तळाशी ते ४ अंशांच्या आसपास राहते. आपल्या आजवा सरोवरावर बर्फ यायचा तर आधी सगळे सरोवर ४ अंशांपर्यंत निवायला हवे. बडोद्याची थंडी तिथवर कधी पोचत नाही. माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. त्यामुळे हिवाळ्यात त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि पळत्या भक्ष्यामागे लांबवर जाणे त्याला परवडत नाही. जिग हलवण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

अवजारे थोडीच. बर्फ ठोकून पाहायला पहार, भोक पाडायला १५ ते २५ सेंटिमीटर व्यासाचे मोठे गिरमिट आणि भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा. हा झारा जिलबीवाल्याच्या झाऱ्याचा सख्खा भाऊ शोभेल. काठी जेमतेम ६० ते ९० सेंटिमीटरची, कारण भोकाशीच बसायचे असते. लहान माशांसाठी दोरी एक-दोन किलोचा ताण सोसेल इतकीच बारीक. जिग पूर्वी शिशाचे असे. आता टंगस्टनचेही मिळते. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून घन असल्याने तेवढ्याच वजनाचे जिग लहान होते आणि झरझर खाली जाते. शिसे गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून अमेरिकेतील काही राज्यांनी लहान शिशाच्या गळसामानावर बंदी घातली आहे.

रिळाचा एक मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. साध्या रिळात दोरी स्थिर नळीभोवती गुंडाळली जाते आणि तिला पीळ पडतो. मग खाली जिग भोवऱ्यासारखे गरगरते, आणि गरगरणाऱ्या जिगजवळ येऊन मासा तोंड फिरवतो. उपाय म्हणजे स्वतःच फिरून दोरी सरळ गुंडाळणारे रीळ. उत्तरायणाची फिरकी हेच काम करते.

मूळ चाल अशी : जिग तळाला टेकेपर्यंत सोडावे, दोरी सैल पडली की वीतभर वर घ्यावे. मग मनगटाने २०–३० सेंटिमीटरची खेच, लगेच ढील, आणि पुढे पाच-दहा सेकंद काहीही करायचे नाही. खेचेचे काम लांबच्या माशाला बोलावण्याचे. तो चावतो बहुधा जिग खाली पडताना, किंवा स्थिर झाल्यावर. नवशिका सतत हलवत राहतो आणि रिकाम्या हाताने परततो. गच्चीवर हात थांबला की पतंग जातो; इथे हात थांबतो तेव्हाच मासा येतो.

दुसरी उलट गोष्ट दोरीच्या सैल पडण्याची. मांजा अचानक सैल पडला तर पतंग कटला. जिगिंगमध्ये दोरी अचानक सैल पडली तर मासा लागला, कारण खालून आलेला मासा आमिष तोंडात घेऊन वर उचलतो. चमच्याच्या आकाराची जिगे पानासारखी डुलत पडावीत म्हणून ढील मोकळी द्यावी लागते, आणि नेमके तेव्हाच चावा हाताला कळत नाही. म्हणून जाणते लोक हातापेक्षा दोरीकडे पाहतात. काहीजण काठीच्या शेंड्याला पातळ स्प्रिंग लावतात; ती हलली की चावा डोळ्यांना कळतो.

रशियन ‘मोर्मिश्का’ हे ज्वारीच्या दाण्याएवढे जिग. त्यावर डासासारख्या माशीची लाल अळी लावतात किंवा नुसतेच ठेवतात, आणि शेंडा खेचण्याऐवजी थरथरवतात. जिग तळावर दोन-चारदा आपटून गाळ उडवणे ही आणखी एक युक्ती. अळी चिखलातून बाहेर आल्याचा भास होतो. मासा दिसला पण चावत नसेल तर जिग थरथरवत हळूहळू वर न्यावे. माशाला वरचे भक्ष्य सहज दिसते, खालचे नाही; जिग त्याच्या खाली गेले की संधी गेली. लेक ट्राउट याला अपवाद : तो थंडीतही पाठलाग करतो, त्याच्यापुढून जिग वेगाने पळवावे लागते.

१९८० च्या दशकापासून ध्वनिलहरींनी मासा दाखवणारी यंत्रे रुळली. जिग आणि मासा दोन्ही पडद्यावर दिसतात, त्यामुळे कोणत्या हालचालीला मासा पुढे आला हे तिथल्या तिथे कळते. शिकायला याहून चांगला गुरू नाही, पण पडद्यावर खिळलेली नजर दोरीवरून उडते.

चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा. बर्फाच्या लादीचा मधला पांढरा गाभा आठवावा : त्यात हवा अडकलेली असते. तळ्यावर बर्फवृष्टीतून बनलेला पांढरा बर्फ असाच हवेने भरलेला असतो. त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या निम्मीच धरतात. खाली पाणी वाहते असेल तर बर्फाची जाडी पावलागणिक बदलते.

सुमारे ९ मीटरहून खोल पाण्यातून ओढलेल्या पर्च किंवा वॉलआय माशाचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) वर येता येता फुगतो. असा मासा सोडून दिला तरी अनेकदा जगत नाही, म्हणून खोलातला मासा खायचा असेल तरच गळ टाकावा. लेक ट्राउट मात्र ढेकर दिल्यासारखी हवा तोंडावाटे सोडू शकतो आणि त्याच भोकातून परत खाली जातो.