डिमरस्टॅट वेगळा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा खरेदीची यादी घेऊन आला. घरातच इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल मांडायचं होतं त्याला. सोल्डरिंग स्टेशन, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय, दोन चॅनेलचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप), बरा मल्टिमीटर. यादी चांगली होती. शेवटची ओळ होती, ‘डिमरस्टॅट, ४ अँपिअर, आयसोलेशनसाठी’. त्या शेवटच्या शब्दावर मी पेन टेकवलं आणि बाकीची यादी बाजूलाच राहिली. ही ओळ मी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांच्या यादीत वाचतो आहे. लॅमिंग्टन रोडला एका काउंटरवर ‘काका, दोन्ही एकच’ असंही ऐकलं आहे. डिमरस्टॅट आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर एकच नाहीत. पहिला व्होल्टेज कमी-जास्त करतो, दुसरा मेन्सचं जमिनीशी असलेलं नातं तोडतो. सोल्डरिंग स्टेशन चुकीचं घेतलं तर पैसे जातात. इथे गल्लत केली तर जीव जाऊ शकतो.

डिमरस्टॅट बहुतेकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये फिरवलेला असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. गोल कोअरवर (लोखंडी गाभ्यावर) एकच वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, त्यावरून सरकणारा कार्बन ब्रश, वर मोठी गोल मूठ. २३० व्होल्ट आत, शून्यापासून साधारण २७० व्होल्टपर्यंत बाहेर. परदेशी लेखांत त्यालाच व्हेरिअ‍ॅक म्हणतात. त्यावर लिहिलेले अँपिअर ही ब्रशची मर्यादा असते, म्हणून ४ अँपिअरचा डिमरस्टॅट ५० व्होल्टवर २०० वॉटच देतो, जवळपास हजार वॉट नाही. त्याबद्दल एवढं पुरे.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरला मूठ नसते, काटा नसतो, दिसायला अगदी साधा ठोकळा. २३० आत, २३० बाहेर. ‘मग याने केलं काय?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. त्याच्या आत दोन वाइंडिंग असतात आणि त्यांच्यामध्ये तारेचा एकही धागा नसतो. वीज पलीकडे जाते ती फक्त चुंबकीय क्षेत्रातून. डिमरस्टॅटमध्ये वाइंडिंग एकच, त्यामुळे आतली न्यूट्रल आणि बाहेरची न्यूट्रल ही एकच तार असते. सगळा फरक या एका तारेचा आहे.

आता त्या तारेचं महत्त्व. आपल्याकडे येणाऱ्या पुरवठ्याची न्यूट्रल सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून फेजला हात लागला की शॉक बसतो. तुम्ही लादीवर उभे असता, लादीखाली जमीन असते, आणि जमिनीतून सर्किट पूर्ण होतं. मुंबईच्या जुलैमध्ये, ओल धरलेल्या लादीवर अनवाणी उभं राहिलं तर ते अधिकच सहज पूर्ण होतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या दोन तारांपैकी एकीलाही जमीन ओळखीची नसते. तुम्ही एका तारेला हात लावला तरी करंटला परत जायला वाट नाही. किरकोळ गळती सोडली तर सर्किट पूर्णच होत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ‘पण मी डिमरस्टॅट २० व्होल्टवरच ठेवतो. वीस व्होल्टने काय होणार?’ हा प्रश्न मी त्या मुलाला तोंडी समजावला नाही, टेबलावर दाखवला. डिमरस्टॅट लावला, मूठ २० वर आणली, मीटर बाहेरच्या दोन टर्मिनलवर धरला. २० व्होल्ट. मग मीटरची काळी पिन अर्थिंगवर ठेवली आणि लाल पिन आधी एका, मग दुसऱ्या टर्मिनलवर. एकावर २३०, दुसऱ्यावर २१०. तो मीटरकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी मुद्दाम उलट जोडलेल्या सॉकेटमध्ये प्लग घातला होता. फेज आणि न्यूट्रल उलटी असली की डिमरस्टॅटची कॉमन तार, म्हणजे आत-बाहेर एकच असलेली ती तार, फेज होते. तिथून २० व्होल्ट खाली उतरलं तरी जमिनीच्या तुलनेत तुम्ही २१० वरच असता. सॉकेटसमोर उभं राहिलं तर फेज उजवीकडच्या भोकात हवी. किती जुन्या चाळींत आणि किती नव्या फ्लॅटमध्ये ती तशी असते, ते घरचा टेस्टर घालून बघा. सॉकेट बरोबर असलं तर दहा वेळा काही होत नाही, आणि त्या दहा वेळांमुळेच ही गैरसमजूत टिकून आहे. शिवाय कॉमनच्या बाजूची न्यूट्रल कुठे सैल होऊन तुटली, तर सॉकेट बरोबर असूनही वाइंडिंगमधून अख्खी फेज दोन्ही टर्मिनलवर येते.

आता स्कोप. प्रोबच्या काळ्या क्रोकोडाइल क्लिपला लोक मीटरची काळी पिन समजतात. ती क्लिप स्कोपच्या बॉडीला आणि तिथून थेट प्लगच्या अर्थ पिनला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (चार्जरमध्ये असतो तशा स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या भागात, एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजच्या निगेटिव्हला ती लावली की प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात ब्रिजच्या एका डायोडमधून फेज सरळ अर्थिंगला शॉर्ट होते. डिमरस्टॅट मध्ये असला तरी होते, कारण त्याने जमिनीशी असलेलं नातं तोडलेलंच नसतं. माझ्याकडे अजून एक क्लिप ठेवलेली आहे. तिचे पुढचे दोन दात वितळून काळा मणी झाला आहे. तेव्हा माझ्या आणि भिंतीच्या मध्ये डिमरस्टॅटच होता आणि मीही त्याला आयसोलेशनच समजत होतो. आवाज झाला, ब्रिज फुटला, घरभर जळका वास पसरला आणि बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

यावर काहीजण स्कोपच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकतात. मला या सगळ्या गोंधळात सर्वांत जास्त राग याचाच येतो. पिन कापली की शॉर्ट होत नाही हे खरं, पण मग स्कोपची अख्खी बॉडी, प्रत्येक बीएनसीची (प्रोब लावायच्या गोल सॉकेटची) कडा, फेजवर जाऊन बसते, आणि तुमचा हात त्याच बटणांवर असतो. जमिनीपासून सुटं, तरंगत ठेवायचं ते दुरुस्तीला आलेलं यंत्र, स्कोप नव्हे.

मात्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला म्हणजे शॉक बसणारच नाही, असंही नाही. दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर तो तुम्हाला आणि बल्बला सारखंच वागवतो. त्याच्या पलीकडे घरातला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही (जमिनीत गळती झाली की वीज तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवत नाही, कारण त्याला तिकडचं काही दिसतच नाही. आणि स्कोपची क्लिप लावली त्या क्षणी तुम्ही पलीकडची एक बाजू पुन्हा जमिनीला बांधलेली असते. आता दुसऱ्या टोकाला बोट लागलं तर शॉक आहेच. दोन प्रोबच्या दोन क्लिपा दोन वेगळ्या ठिकाणी लावल्या तर त्या स्कोपच्या आतून एकमेकींना शॉर्ट करतात. म्हणून एक हात पाठीमागे, एकच क्लिप, आणि एका वेळी एकच यंत्र. ब्रिजनंतरच्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो, त्याला आधी रिकामा करा.

मग डिमरस्टॅट टाकाऊ का? मुळीच नाही. चोर बाजारातून आणलेला, वीस वर्षं बंद पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ हळूहळू जागा करायला त्याच्यासारखं काही नाही. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सावकाश सावरतात. पण त्यातले एसी/डीसी संच ट्रान्सफॉर्मरशिवायच बनवलेले असतात आणि त्यांची धातूची चासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. तिथे नुसता डिमरस्टॅट लावून बसणाऱ्याची मला काळजी वाटते. मोबाइल चार्जर आणि एलईडी ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्याला डिमरस्टॅटचा फारसा उपयोग नाही, कारण एसएमपीएस कमी व्होल्टेजला एक तर चालूच होत नाही किंवा उलट जास्त करंट ओढतो. तिथे टीव्ही मेकॅनिकचा सिरीज बोर्ड, १०० वॉटचा पिवळा बल्ब लावलेला, कितीतरी कामाचा. बल्ब करंट अडवतो, आयसोलेशन तोही देत नाही. स्टॅबिलायझरचंही तेच, नावात सर्व्हो असला तरी.

विकत घेताना लेबल वाचू नका, मीटर न्या. काहीही प्लगमध्ये नसताना मीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन पिना तारेने जोडलेल्या असल्या की तो वाजतो. एक पिन आत येणाऱ्या तारेवर, एक बाहेर जाणाऱ्या तारेवर, सगळ्या जोड्या तपासा. एकाही जोडीत बीप आला तर तो आयसोलेशन नाही, विकणारा काहीही म्हणो. मग बाहेरची प्रत्येक तार अर्थ पिनशी तपासा, कारण काही ट्रान्सफॉर्मरमध्ये पलीकडची न्यूट्रल आतूनच अर्थला बांधलेली असते. तो दुसऱ्या कामाचा माल, टेबलासाठी नको. घरच्या कामाला ५०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) भरपूर झाले. तेवढे पैसे आत्ता नसतील तर २३० ते २४ व्होल्टचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्यांच्या २४ च्या बाजू एकमेकांना जोडा. बाहेर २३० पेक्षा थोडे कमी मिळतील, पण आयसोलेशन खरं असेल. ५ अँपिअरचे घेतले तर १२० व्हीए, म्हणजे रेडिओ आणि चार्जरला पुरेल इतकं.

दोन्ही असतील तर माझा क्रम ठरलेला आहे: भिंत, एमसीबी, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मग डिमरस्टॅट, मग सिरीज बल्ब, मग यंत्र. डिमरस्टॅट आधी ठेवला तरी आयसोलेशन मिळतं, पण चुकून मूठ २७० वर गेली की ट्रान्सफॉर्मरचा कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाने पुरता भरून) तो गुरगुरतो आणि तापतो.

त्या मुलाच्या यादीतली शेवटची ओळ मी खोडली आणि तिथे लिहिलं, ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ५०० व्हीए, मीटर लावून तपासून’. डिमरस्टॅट त्याच्या खाली आला, पुढच्या वर्षीच्या खरेदीत.