मानसिक आजाराची लक्षणे आणि संस्कृती (ग्रामीण विदर्भ)

स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणे, खोटा संशय घट्ट बसणे), बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), तीव्र नैराश्य हे आजार जगभर आढळतात. मात्र रुग्णाला कोणाचा आवाज येतो, कोणाची भीती वाटते आणि तो त्रास कोणत्या शब्दांत सांगतो, हे त्याच्या घरा-गावावर ठरते.

कापूसपट्ट्यात संशय बरेचदा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादावर जाऊन बसतो. भाऊबंदांनी करणी केली, भाजीत फवारणीचे औषध कालवले, असे रुग्ण ठामपणे सांगतो. "थे माह्यावर पाळत ठेवते" या तक्रारीत पूर्वी भानामती असे; आता मोबाइल, कॅमेराही असतो. पण करणी मानणे म्हणजे आजार नव्हे, ती मानणारे गावात पुष्कळ. रुग्णाचे बोलणे त्या मानणाऱ्यांनाही खटकते का, हे पाहायचे. "आमी बी मानतो जी, पण हे थे नोय," असे आई म्हणाली, तर निदानाला त्या वाक्याचा मोठा आधार मिळतो.

अंगात येण्याचेही तसेच. नवरात्रात डफडे वाजताना देवी येते, आरती झाली की उतरते, आणि बाई घरी जाऊन भाकरी थापते. वेळकाळ सोडून येणारे, दिवसेंदिवस न उतरणारे, झोप आणि मजुरी दोन्ही बुडवणारे ते वेगळे.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये कॅलिफोर्निया, घानातील आक्रा आणि चेन्नई येथील आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी 20 रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. अमेरिकेत आवाज बहुधा हिंसक, आक्रात देवाचे, तर चेन्नईत अनेकांना नातलगांचे. ते घरकामाची आठवणही करून देत. इकडे "आवाज येतात का?" विचारले तर रुग्ण नाही म्हणेल, "कोणी बोलावते काय?" म्हटले की मान हलवेल.

नैराश्य तर शरीरातूनच बोलते: जीव घाबरते, डोक्यात मुंग्या येते, कमजोरी वाटते. मग सलाईन लावून माणूस परततो आणि आजार तसाच राहतो.

उपचाराची वाट आधी जाणत्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जाते, मेळघाटातील कोरकू आदिवासींमध्ये भूमका-पडिहार या पारंपरिक वैदूंकडे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय बहुतेकदा शेवटी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळदंडाने बांधायला केंद्राच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचीही मनाई आहे.